लखू मिस्त्रीचे दोन शब्द

काळबांडे साहेब हॉलच्या दारातून आत आले आणि मी हातातल्या तर्री-पोह्यांसकट खांबामागे सरकलो.

त्या दिवशी मी आजारी होतो. म्हणजे पुसदच्या आमच्या सरकारी कार्यालयात तरी तशीच बातमी होती. सकाळी एसटीत बसल्या बसल्या मी कुसुमताई ढोकांना फोन केला होता आणि आवाज शक्य तितका पाडून सांगितलं होतं, "ताई, पोट फारच बिघडलंय हो. आज काही येणं जमत नाही."

"काय खाल्लंस रे?" कुसुमताई म्हणाल्या. तेवढ्यात कंडक्टरने घंटी मारली. "आणि ही घंटी कसली?"

"आई पूजा करतेय."

"हं. फारच मोठी घंटी आहे तुमच्या घरी."

एवढं करून मी अमरावतीला पोचलो होतो. आणि आता दारात साक्षात काळबांडे साहेब. नवा कोरा आकाशी शर्ट, विंचरून बसवलेले केस, आणि नजर अशी की चोर शोधायला निघाले आहेत. माणूस मला पकडायला पुसदहून इथवर आला, याबद्दल माझ्या मनात शंकाच उरली नाही.

कारण रजा त्यांनीच नाकारली होती. आठवडाभर आधी मी रीतसर अर्ज दिला, तो संध्याकाळी परत आला. वर त्यांच्या टोकदार अक्षरात शेरा: 'नामंजूर. सदर दिवशी निम्नस्वाक्षरीकार स्वतः रजेवर असल्याने आपली उपस्थिती आवश्यक.' समोरासमोर एक अक्षर नाही. साहेब बोलायचेच नाहीत कुणाशी. काही विचारायला केबिनमध्ये गेलं की "हं" म्हणायचे, फार तर "नंतर". फोन वाजला की रिसीव्हर उचलून माझ्याकडे द्यायचे. वरून तपासणी आली की फाईल माझ्या हातात ठेवून बोटाने खुणावायचे, की वाचा. चार माणसांच्या कार्यालयात हाक एकच ऐकू यायची: "उमाळे!" उमाळे म्हणजे मी. तोंडी निरोप उमाळे, बैठक उमाळे, शेतकऱ्यांचं शिष्टमंडळ आलं तरी पुढे उमाळे. आम्ही सगळ्यांनी मिळून निदान केलं होतं की माणूस अतिशय गर्विष्ठ आहे. आपल्याशी बोलणं त्याला कमीपणाचं वाटतं.

आता अमरावतीत काय होतं, ते सांगतो. तेव्हा 'अवकाशकट्टा' नावाचं एक मराठी संकेतस्थळ होतं. तिथे आम्ही पंचवीस-तीस जण मिळून एक विज्ञानकथा लिहायचो. एकच कथा, कधी न संपणारी. 'वैनगंगा' नावाचं एक अवकाशयान होतं आणि आम्ही प्रत्येकजण त्यावरचं एकेक माणूस. एकाने प्रसंग सुरू करायचा, दुसऱ्याने आपल्या पात्राच्या तोंडून तो पुढे न्यायचा, तिसऱ्याने त्याची वाट लावायची. खरं नाव, गाव, वय कुणी कुणाला विचारायचं नाही, हा कट्ट्याचा पहिला नियम. मी कप्तान धुरंधर होतो. दिवसभर जावक क्रमांक टाकणारा, कनिष्ठ लिपिक संदेश उमाळे, संध्याकाळी नेट कॅफेत बसला की तीनशे माणसांचं यान हाकायचा.

आणि यानाचं इंजिन होतं लखू मिस्त्रीच्या हातात.

लखू मिस्त्री म्हणजे कट्ट्याचा जीव. अस्सल वऱ्हाडी बोलणारा, तोंडाचा पट्टा अखंड चालू असलेला मिस्त्री. कृष्णविवराच्या तोंडाशी यान अडकलं असतानाही तो इंजिनाशी भांडत बसायचा. दुबईत काम करणारे, पुण्यात शिकणारे, सगळे लखूच्या संवादांची वाट पाहायचे. माझी आणि त्याची तर जोडीच होती. मी हुकूम सोडायचा, त्याने तो सतरा फाटे फोडून उधळून लावायचा. लिहिणारा कोण असेल याच्या आमच्यात पैजा लागायच्या. माझी खात्री होती, अकोल्याकडचा एखादा कीर्तनकार किंवा निवडणुकीत भाषणं ठोकणारा कार्यकर्ता.

एकदाच आमचं बिनसलं होतं. मी कथेत एक ग्रह आणला. तिथला महाप्रशासक कधी बोलत नाही, नुसता चमकत्या पाटीवर शेरे लिहितो: 'कारणे दाखवा.' 'नामंजूर.' आता हा कुणावरून उचलला होता ते सांगायची गरज नाही. माझी अपेक्षा अशी की लखू त्याची यथेच्छ टर उडवेल. पण लखूने महाप्रशासकासमोर आपली टोपी काढली आणि परत येऊन कप्तानाला सांगितलं, "कप्तान, हा मानूस घमेंडी नाही. याच्या तोंडाले कुलूप हाय, अन् किल्ली आतल्या बाजूनं पडली." झालं. माझा सगळा विनोद बसला. मी चिडून त्याला खासगी निरोप पाठवला, की माझा खलनायक का बिघडवलास? त्याचं उत्तर आलं, "बिघडलेलं दुरुस्त करणं हा मिस्त्रीचा धंदा."

कट्टा चालवायच्या मृणाल देशभ्रतार. अमरावतीत महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवायच्या आणि यानावर डॉक्टर होत्या. त्यांच्याच डोक्यात आलं की एकदा सगळ्यांनी भेटायचं, एकमेकांना ओळखायचं, आणि वर्षभर छान लिहिणाऱ्यांचा जाहीर सन्मान करायचा. त्यासाठी त्यांनी एका वाचनालयाचा वरचा हॉल घेतला होता. अट एकच. आल्यावर कुणी आपलं पात्र सांगायचं नाही. आधी गप्पा, पोहे, अंदाज. मग त्या नाव पुकारतील आणि तो माणूस उभा राहील.

तर असा मी खांबामागे.

पोहे संपवायची शुद्ध नव्हती. एका डोळ्याने पाहिलं, तर साहेब भिंतीच्या कडेकडेने पुढे येत होते. मी खांबाभोवती थोडा सरकलो. ते थांबले. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं आणि नेमकी आमची नजरानजर झाली.

माझ्या आयुष्यात मी कुणाचा चेहरा इतका झरझर उतरताना पाहिला नाही. मला वाटलं होतं ते ओरडतील, निदान बोटाने बोलावतील. त्याऐवजी साहेब गर्रकन वळले आणि दाराकडे चालू लागले. जवळजवळ पळतच. मला काही उमजेना. चोर मी, आणि पोलीस पळतोय!

तेवढ्यात मृणालताईंनी माईक हातात घेतला. "या या, सगळे बसून घ्या. दाराजवळचे काका, तुम्हीसुद्धा. आकाशी शर्ट. आता कुठे निघालात? कार्यक्रम सुरू होतोय."

सगळ्या माना वळल्या. साहेबांना सुटका उरली नाही. दारालगतच्या खुर्चीवर ते टेकले, अर्धे बाहेर असल्यासारखे. मी पुढच्या रांगेत जाऊन बसलो आणि पाठीवर त्यांची नजर झेलत राहिलो.

एकेक नाव पुकारलं जाऊ लागलं. यानावरची निष्ठुर सेनापती रुद्राणी म्हणून एक गोरेगोमटे, टक्कल पडलेले निवृत्त पोस्टमास्तर उभे राहिले आणि हॉल हसून कोसळला. परग्रहावरचा राजपुत्र निघाली यवतमाळची, लग्नाला सहा महिने झालेली एक मुलगी. तिचा नवरा शेजारी बसून कौतुकाने टाळ्या पिटत होता. माझं नाव आलं तेव्हा मी उभा राहिलो. मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, कप्तानाला मिशीच नाही!" मी हसलो. मागे वळून बघायचं मात्र टाळलं.

"आणि आता," मृणालताई म्हणाल्या, "वर्षातल्या सर्वोत्तम संवादांचा मान. हा निकाल सांगायची तशी गरजच नाही."

"लखू! लखू!" पोरं ओरडू लागली.

"लखू मिस्त्री, जिथे असाल तिथून पुढे या."

कुणीच उठेना. माना भिरभिरू लागल्या. माझ्या शेजारचे पोस्टमास्तर माझ्या कानाशी म्हणाले, "तो काळ्या चष्म्यावाला. पैज." काळ्या चष्म्यावाला हात हलवून नाही नाही म्हणाला.

मग दारालगतची खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

काळबांडे साहेब उभे होते.

मला आधी वाटलं, ते निघून चाललेत. पण ते मधल्या वाटेने पुढे यायला लागले. टाळ्या सुरू झाल्या, शिट्ट्या झाल्या, आणि मी एकटाच तोंड उघडं टाकून बसलो. 'हं' आणि 'नंतर' या दोन शब्दांवर पाच वर्षं कार्यालय चालवणारा माणूस लखू मिस्त्री? आतापर्यंत मी कुणाला कुणाबद्दल काय काय लिहून बसलो होतो, ते एकदम आठवलं आणि पोटात खरोखरच कळ आली. सकाळी खोटी सांगितलेली, ती आता वेळेवर हजर झाली.

मृणालताईंनी शाल घातली, नारळ दिला, आणि मग आपल्याकडच्या कुठल्याही समारंभात होतं तेच झालं. त्यांनी माईक पुढे केला. "लखूभाऊ, दोन शब्द!"

साहेबांनी मान हलवली. नको.

"असं कसं! लखू मिस्त्री आणि बोलणार नाही?" हॉल हसला. "दोन शब्द! दोन शब्द!"

त्यांनी माईक धरला. ओठ उघडले. मानेची शीर ताठ झाली, हनुवटी थरथरली, आणि काहीच बाहेर आलं नाही. त्यांनी डोळे मिटून पुन्हा जोर लावला. "म... म... म..." पुढे रस्ताच नाही. कुणीतरी माईकवाल्याला ओरडलं, "अरे, आवाज वाढव!" मागे दोन पोरं खुसखुसली, मग त्यांनाही कळलं आणि ती गप्प झाली.

साहेब माझ्याकडे पाहत होते. एवढ्या माणसांत नेमके माझ्याकडे. तेव्हा मला समजलं, ते मला पकडायला आले नव्हते. मी त्यांना पकडलं होतं.

पुढचं मी ठरवून केलं नाही. मी उभा राहिलो आणि कप्तान धुरंधराच्या आवाजात, असा आवाज मला आहे हे मलाही तेव्हाच कळलं, खणखणीत ओरडलो,

"लखू! इंजिन का बंद आहे?"

साहेब दचकले. हॉलही दचकला.

"कप्तान विचारतोय! अबे लखू, इंजिन का बंद आहे?"

माझ्या वरिष्ठांना मी भर सभेत 'अबे' म्हणालो होतो. एक क्षण गेला. मग त्यांचे खांदे हळूच खाली आले. मान किंचित वाकडी झाली, कमरेवर हात गेला, आणि कधीही न ऐकलेला एक मोकळा, खर्जातला आवाज हॉलभर पसरला.

"इंजिन बंद नाही, कप्तान. इंजिन रुसलं हाय."

एकही अक्षर अडलं नव्हतं.

"कुणावर रुसलं?"

"तुमच्यावर. काल त्याले तुमी यंत्र म्हनलं. आता तुमाले कोनी भर चौकात मानूस म्हनलं त चालन का?"

हॉल फुटला. मी पुढे रेटलं. "थट्टा बंद! समोरून उल्का येतेय!"

"येऊ द्या ना बाप्पा. पाव्हनी हाय. चहा टाकतो."

"अबे, ती आपल्यावर आदळणार आहे!"

"असं का? मंग साखर कमी टाकतो. वाया कायले घालवा?"

मृणालताई डोळे पुसत डॉक्टर म्हणून मधे पडल्या, पोस्टमास्तर रुद्राणीच्या थाटात तलवार उपसून उठले, आणि लखू मिस्त्रीने एकेकाला असं काही उत्तर दिलं की बसलेले लोक खुर्च्यांवर चढले. किती वेळ चाललं कुणास ठाऊक. मी पुढचा हुकूम सोडणार, तेवढ्यात साहेबांनी हात वर केला. थांबा.

त्यांनी कमरेवरचा हात काढला. मान सरळ केली. लखू गेला आणि काळबांडे साहेब परत आले, हे सगळ्यांना दिसलं. त्यांनी माईक पुन्हा तोंडाजवळ नेला.

"माझं नाव," ते म्हणाले आणि अडले. "माझं नाव दि... दि... दि..."

मागच्या रांगेतून कुणीतरी मदत म्हणून टाळ्या वाजवायला लागलं. मृणालताईंनी नुसता हात करून त्याला थांबवलं. कुणी हललं नाही. मला ते नाव ठाऊक होतं. रोज शिक्क्याखाली बघत होतो. जिभेवर येऊन बसलं होतं. मी ती दाताखाली धरली.

"दि... दिगंबर काळबांडे. लखू मी लि... लिहितो. आ... आभारी आहे."

टाळ्या लगेच झाल्याच नाहीत. आधी पोस्टमास्तर उठून उभे राहिले, मग सगळे.

जेवणाच्या पंगतीत ते माझ्याच शेजारी येऊन बसले. पानात वरण, भाजी, सगळं वाढून झालं. शेवटी त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं,

"उमाळे, तु... तुमच्या पोटाचं कसं?"

"साहेब..." मला ठसकाच लागला. "तुम्हाला कसं कळलं?"

"कु... कुसुमताईंचा फो... फोन आला होता."

"साहेब, कप्तान मी आहे, हे तुम्हाला माहीत होतं?"

"व... वर्षभर." त्यांनी भात कालवला. "अंतराळात कोण लि... लिहितं, 'सबब इंजिन बंद ठेवण्यात येत आहे'? तुमचे मसुदे मी रोज त... तपासतो."

मी खाली मान घातली. "मग तो महाप्रशासक..."

"चां... चांगला जमला होता," साहेब म्हणाले. आणि त्या टोकदार अक्षराच्या माणसाला मी पहिल्यांदा हसताना पाहिलं. "मी तसाच दि... दिसतो, ते मला ठाऊक आहे."

सोमवारी माझी ती रजा विनावेतन झाली, हेही सांगून टाकतो. शेरा होता: 'आजाराचे कारण समाधानकारक वाटत नाही.' साहेब नियमाचे पक्के होते, ते शेवटपर्यंत तसेच राहिले. कट्टा पुढे बंद पडला, ते निवृत्त झाले, आणि आता माझ्याकडे स्वतःची केबिन आहे. पण तो दिवस आठवला की मला आठवते ती आमची परतीची एसटी.

नांदेडकडे जाणारी गाडी होती. खिडकीपाशी मी, शेजारी साहेब, त्यांच्या मांडीवर शाल आणि नारळ. बडनेरा मागे पडेपर्यंत ते बोलायला लागले होते. हळूहळू, अडत, पण थांबायचं नाव न घेता. शाळेत हजेरीला 'हजर' म्हणता आलं नाही म्हणून वर्षभर गैरहजर लागले होते. नोकरीची तोंडी परीक्षा कशी निभावली ते त्यांनाच कळलं नव्हतं. घरी मुलीला लहानपणी गोष्टी सांगताना वाघ-कोल्ह्याच्या आवाजात बोललं की जीभ अडत नाही, हे त्यांना समजलं. मुलगी मोठी होऊन सासरी गेली आणि गोष्टी ऐकणारं कुणी उरलं नाही. मग त्यांना कट्टा सापडला.

"माझी रजा का नाकारलीत साहेब?" मी विचारलं.

"मला यायचं होतं," ते म्हणाले. "आणि तुम्ही आ... आलात, तर मला येता आलं नसतं."

कपाशीची शेतं मागे जात होती.

"आणखी एक विचारू? कार्यालयात सगळी कामं मलाच का हो लावता? कुसुमताई आहेत, तो पांडे आहे..."

साहेब जरा ओशाळले. "उ निघतो," ते म्हणाले.

"काय?"

"उ. तो अडत नाही. उ... उमाळे म्हणता येतं. पां... पां... ते नाही येत. कु... कु... तेही नाही." मग म्हणाले, "गाडीत बसलो तरी मी उमरखेडचं तिकीट काढतो. पु... पुढचं गाव आहे, पण उमरखेड म्हणता येतं. आणि मधेच उतरतो."

"दर वेळी?"

"द... दर वेळी."

कंडक्टर मागून तिकिटं काढत आमच्यापर्यंत आला. "बोला."

मी खिशात हात घातला आणि तोंड उघडणार, तोच साहेबांनी माझं मनगट धरलं. घट्ट. त्यांनी कंडक्टरकडे पाहिलं.

"प..." ते म्हणाले. "प... पु..."

"परतवाडा?" कंडक्टर म्हणाला. "काका, उलट्या गाडीत बसलात तुम्ही."

साहेबांनी मान हलवली. पुन्हा सुरुवात केली. "पु... पु..."

"पुलगाव? ही नाही जात तिकडे."

पुढच्या सीटवरची बाई वळून बघायला लागली. कंडक्टरने माझ्याकडे पाहिलं. तुम्ही सांगा, असं त्याच्या डोळ्यांत होतं. मी खिडकीबाहेर बघायला लागलो. एक माणूस बांधावर उभा राहून बैलाला पाणी पाजत होता. तो मागे गेला. मग एक बाभूळ आली, तीही मागे गेली.

"पुसद," साहेब म्हणाले. "पु... पुसद दोन."

"मग एवढंच सांगायचं ना काका!" कंडक्टर तिकिटं काढत म्हणाला.

"हो," साहेब म्हणाले, "एवढंच होतं." आणि दोन्ही तिकिटं हातात धरून ते ती वाचत बसले.